मंगळूचा आकडा

शंका घेणं हा आमच्या घराण्याचा पिढीजात धंदा आहे. माझे वडील दिनकर इंगवले, ज्यांना सगळी पेठ आण्णा म्हणते, बावीस वर्षं चिंचवेस तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. गोलकीपरनं समोरच्या फॉरवर्डवर तर नाहीच, पण स्वतःच्या बॅकवरही विश्वास टाकायचा नसतो, असं त्यांचं ठाम मत. घरात दूध उतू गेलं तरी ते गॅस बंद करायच्या आधी विचारायचे, स्वयंपाकघरात शेवटी कोण होतं? हातमोजे काढून पंचवीस वर्षं झाली, ते तालमीचे अध्यक्ष झाले, पण बघण्याची ती रीत काही सुटली नाही. मी त्यांची एकुलती एक लेक, अनुजा. त्यांनी जी शंका मैदानात घेतली, ती मी प्रयोगशाळेत घेतली आणि तिच्यावर पीएच.डी. मिळवली, एवढाच आमच्यात फरक.

ही गोष्ट २०४१ च्या हंगामातली आहे. कोल्हापुरात पेठ तिथं तालीम आणि तालीम तिथं फुटबॉलचा संघ, हे तेव्हाही तसंच होतं. परदेशी खेळाडू आणायची चालही जुनीच. आणि दर हंगामाला कट्ट्याकट्ट्यावर तोच वाद व्हायचा. एका तालमीकडून वीस गोल मारणारा गडी दुसऱ्या तालमीत गेला की त्याला चेंडू दिसेनासा का होतो? कुणी म्हणायचं जेवण मानवलं नाही, कुणी म्हणायचं माती मानवली नाही. आण्णा म्हणायचे, "पायात काय बिघाड नसतोय. आत कुठंतरी असतोय."

त्या 'आत कुठंतरी'चा पत्ता मी आणि पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनी शोधून काढला होता. माणसाच्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. श्वासाबरोबर, विचाराबरोबर दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमीजास्त होतं आणि त्या कमीजास्तीची एक लाट तयार होते. जी माणसं एकत्र जेवतात, एकत्र हसतात, त्यांच्या लाटा हळूहळू जुळायला लागतात, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. आम्ही ते खेळाडूंवर मोजलं. ज्या दोघांच्या लाटा जुळलेल्या असतात, त्यांच्यातला पास घेणारा हा देणाऱ्याच्या पायातून चेंडू सुटायच्या एक पंचमांश सेकंद आधीच धावायला लागतो. कुणीही कुणाला खूण केलेली नसते. पळत्या माणसाच्या बाबतीत एक पंचमांश सेकंद म्हणजे दीड मीटर. फुटबॉलमध्ये याहून कमी अंतरानं स्पर्धेच्या ढाली हातच्या गेल्या आहेत.

छातीवर चिकटवायची, जखमेच्या पट्टीएवढी एक पट्टी आम्ही बनवली. प्रत्येक खेळाडूचा बाकीच्या दहा जणांशी किती मेळ आहे, ते ती शंभरपैकी आकड्यात सांगायची. एकाच गल्लीत वाढलेल्या पोरांचा मेळ ऐंशीच्या वर असायचा. परदेशातून आलेला गडी तिशीत सुरुवात करायचा. काही तालमींत तो अख्खा हंगाम तिशीतच राही आणि मग लोक त्याच्या पायांना नावं ठेवत.

आमच्याकडे त्या वर्षी घानाच्या कुमासी शहरातून क्वाबेना ओफोरी आला. पहिल्या दिवशी आण्णांनी त्याला नावाचा अर्थ विचारला. त्यांच्याकडे मुलगा ज्या वारी जन्मला त्यावरून नाव पडतं आणि क्वाबेना म्हणजे मंगळवारचा, असं त्याच्या कानातल्या दुभाषी यंत्रानं सांगितलं. आण्णा खूश झाले. आमच्या पेठेतही जुन्या पिढीत सोमा, मंगळू, बुधा अशी वारावरची नावं होतीच.

"म्हंजी आमचा मंगळूच की ह्यो," आण्णा म्हणाले आणि तेच नाव पडलं.

तिसऱ्या दिवशी मंगळूनं ते यंत्र कानातून काढून खिशात टाकलं. यंत्र विनोदाचं भाषांतर करेपर्यंत सगळ्यांचं हसून झालेलं असे, ही त्याची तक्रार. मग तो थेट पेठेतली भाषा शिकला. व्याकरण लंगडं होतं, पण वेळेवर हसायला लागला.

आता कट्ट्याबद्दल सांगायला हवं. आमच्या तालमीच्या मागं पहाटे म्हशी येतात आणि समोर धार काढून दूध मिळतं. पोरं सराव करून कट्ट्यावर बसतात. तिथं एक रीत आहे. स्वतःचा पेला स्वतः मागायचा नाही. दुसऱ्यानं भरून पुढं करायचा. ज्याला कुणीतरी पेला दिला तो पेठेचा. बायकांचा त्या कट्ट्याशी संबंध नाही, त्यांचं दूध किटलीतून घरी येतं. आमचं घर कट्ट्यापासून चाळीस पावलांवर. माझी चौतीस वर्षं तिथं गेली, पण मला तिथं कधी कुणी पेला दिलेला नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी म्हणत असे.

मंगळूला मात्र चौथ्याच दिवशी कर्णधार अभय चौगलेनं पेला दिला. दोन महिन्यांत त्याचा मेळ चौतीसवरून एकाहत्तरवर गेला आणि त्यानं नऊ गोल मारले. तालमीत मी एक पडदा लावला होता, त्यावर सगळ्यांचे आकडे रोज दिसायचे. लोक देवदर्शनाला यावं तसे तो पडदा बघायला येत. मला माझा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

मग अंतिम सामन्याच्या तीन आठवडे आधी, एका सोमवारी, मंगळूचा आकडा सहासष्ट झाला.

संध्याकाळी चहा घेताना मी सहज म्हणाले, "आण्णा, मंगळू पाचानं उतरलाय."

"का?"

"बघावं लागेल."

एवढंच आमचं बोलणं. पण पुढच्या सोमवारी आकडा बावन्न झाला आणि त्याच्या पुढच्या सोमवारी अडतीस. उपांत्य सामना आम्ही कसाबसा जिंकलो. मंगळूकडे टाकलेला प्रत्येक पास एक पाऊल मागं किंवा एक पाऊल पुढं पडत होता. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "फुटलाय त्यो." पहिल्यांदा एकटाच ओरडला. मध्यंतरानंतर बरेच जण ओरडायला लागले.

त्याच संध्याकाळी अभय घरी आला. चपला दारात काढून उंबऱ्यातच उभा राहिला.

"ताई, एक सांगायचं हुतं. त्यो रोज पहाटे नागझरीत जातोय."

नागझरी ही ओढ्यापलीकडची पेठ. अंतिम सामना त्यांच्याशीच होता. आण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मी म्हणाले, "मी बघते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मंगळूच्या मागोमाग गेले. स्वतःच्या संघातल्या माणसाच्या मागावर जाताना लाज वाटायला हवी होती. मला खरं तर हुरूप आला होता. ओढ्यावरचा पूल ओलांडून तो सरळ नागझरीच्या दूधकट्ट्यावर गेला आणि हिंदुराव मगदूम यांच्या शेजारी बसला. हिंदुराव म्हणजे नागझरीचे प्रशिक्षक, आणि वीस वर्षं आण्णांवर गोल मारणारा माणूस. त्यांनी मंगळूच्या हातात पेला दिला. दोघं काहीतरी बोलले आणि हसले. मी रिक्षाच्या आडोशानं हातातल्या संगणकाच्या पाटीवर मंगळूच्या पट्टीची नोंद बघितली. ठोके संथ, श्वास खोल. तीन आठवड्यांत आमच्यात असताना तो एवढा निवांत एकदाही नव्हता. मला आणखी पुरावा नको होता.

त्याच सकाळी तालमीत कमिटी बसली. ठराव झाला की मंगळूला अंतिम सामन्यात खेळवायचं नाही आणि तो विरोधी संघाला सामील असल्याचं पत्र असोसिएशनला द्यायचं. पत्राला माझा अहवाल जोडायचा आणि खाली माझी सही. अशा पत्रानंतर दोन वर्षांची बंदी येते आणि खेळाडूचा व्हिसाही जातो. मग त्याला कुठलाच क्लब उभा करत नाही. मंगळू तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. म्हणजे त्याचा खेळ माझ्या एका सहीवर संपणार होता.

"उद्या दुपारपर्यंत दे," आण्णा म्हणाले.

अहवाल चोख असावा म्हणून मी दुपारी सगळ्या लाटा पुन्हा काढल्या. मेळ ही दोन बाजूंनी मोजायची गोष्ट. एकाची लाट दुसऱ्याच्या लाटेपासून किती दूर आहे ते तो आकडा सांगतो. पण दूर कोण गेलं, हे आकडा सांगत नाही. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवते. तीन आठवडे मात्र मी पडद्यावर फक्त मंगळूची ओळ बघत होते, कारण परका तोच होता.

मी दोन्ही बाजू वेगळ्या करून बघितल्या. मंगळूची लाट सरावात आणि सामन्यात पहिल्या आठवड्यात होती तशीच तिसऱ्या आठवड्यात होती. बदलले होते बाकीचे दहा. आपसात त्यांचा मेळ पूर्वीसारखाच होता. फक्त चेंडू मंगळूकडे द्यायची वेळ आली की त्या दहाही जणांचे ठोके उसळत होते. विरोधी खेळाडू अंगावर आला की उसळतात, अगदी तसेच. आणि हे सुरू झालं होतं मंगळवारी सकाळी. त्याआधीच्या संध्याकाळी मी आण्णांबरोबर चहा घेतला होता.

मग तो पहिला सहासष्ट कुठून आला? मी तालमीच्या डॉक्टरांची नोंदवही उघडली. त्या सोमवारपुढं लिहिलं होतं, 'ओफोरी, खालची डावी दाढ सुजली आहे, तीन दिवस गोळ्या.' दाढ दुखत असलेल्या माणसाचा मेळ पाचानं उतरतोच. गुरुवारी तो आपसूक पुन्हा एकाहत्तर झाला असता. मला माझीच चीड आली होती.

आण्णा पडवीत अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आण्णा, त्या सोमवारी मी आकडा सांगितल्यावर तुम्ही कुणाला काही बोललात?"

"काय न्हाई."

"आठवून सांगा."

"दुसऱ्या दिवशी सरावाआधी कट्ट्यावर अभयला म्हटलं, जरा ध्यान ठेवा पाव्हण्यावर. दुसरं काय न्हाई."

"पाव्हण्यावर म्हणालात? मंगळूवर नाही?"

अडकित्ता थांबला. पाहुणा हा शब्द आमच्याकडे मानाचा आहे, पण दोन महिने ज्याला नावानं हाक मारली त्याला एकाएकी पाहुणा म्हटलं, की कट्ट्याला काय कळायचं ते कळतं.

मंगळू तालमीच्या माडीवरच्या खोलीत राहत होता. मी गेले तेव्हा तो बुटांना पॉलिश करत होता. त्यानं खुर्चीवरचे कपडे उचलून मला जागा करून दिली.

"नागझरीत कधीपासून जातोस?" मी विचारलं.

"तुमी बघितलं ना, ताई. रिक्षाच्या मागं हुता तुमी."

मी खाली बघितलं. तो बुटाला ब्रश मारत राहिला आणि मग सावकाश सांगायला लागला.

"मंगळवारी कट्ट्यावर उभा राहिलो. कुणी पेला दिला नाय. बुधवारी उभा राहिलो. गुरुवारी पण. सगळे दुसऱ्याकडं बघत हुते. मग शुक्रवारी तिकडं गेलो. हिंदुरावमामा सगळ्यांना देतो. कुत्र्याला पण देतो."

"आम्हाला सांगायचं नाही का?"

"पेला मागायचा नसतो, ताई. तुमच्या अभयनंच शिकवलं."

मी उठले. तरी जाता जाता मी विचारलंच, कारण मी इंगवल्यांची आहे. "हिंदुराव पुढच्या हंगामाबद्दल काही बोलले का?"

त्यानं ब्रश खाली ठेवला आणि छातीवरच्या पट्टीवर बोट आपटलं. "हिला विचारा. तुमी हिलाच विचारता."

तो नाही म्हणाला नव्हता. जिना उतरताना हे माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून माझाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मी कमिटीपुढं सही केली नाही. दाढेपासून पेल्यापर्यंत सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. शेवटी अभय म्हणाला, "मला वाटलं दुसरं कोणतरी दील पेला." मग एकेक जण तेच बोलला. प्रत्येकाला वाटलं होतं की दुसरा देईल.

"खेळू दे त्याला," आण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून ते ओढून काढल्यासारखं निघालं.

"पण पट्ट्या काढायच्या," मी म्हणाले. "सगळ्यांच्याच. आणि पडदाही."

"बिनपट्टीचं कळायचं कसं, कोण कुणाचा ते?"

"तुम्ही बावीस वर्षं कसं ओळखत होता?"

"ओळखत कुठं हुतो? शंका घेत हुतो," आण्णा म्हणाले. पण खुर्चीवर चढून पडदा त्यांनी स्वतःच उतरवला.

अंतिम सामना रविवारी दुपारी झाला. मंगळू बरा खेळला. पहिला गोल अभयनं त्याच्या पासवर मारला. अभय चेंडू यायच्या आधीच धावला होता, ते मी गॅलरीतून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. नागझरीनं दुसऱ्या अर्ध्यात बरोबरी केली. टायब्रेकरमध्ये चार-चार झाले. नागझरीनं पाचवा मारला. आमचा पाचवा मंगळूचा होता.

त्यांचा गोलकीपर उजवीकडे झेपावला. डावीकडचा सगळा गोल मोकळा पडला होता. मंगळूनं चेंडू डावीकडेच मारला आणि तो खांबाला लागून बाहेर गेला.

नागझरीची गॅलरी मैदानात उतरली. आमच्या बाजूला कुणी शिवीसुद्धा दिली नाही. मी आण्णांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्हा दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट आली होती. मुद्दाम मारला का? ज्या बाईनं दाढेचा हिशोब मांडून त्याला सोडवलं, तिच्याही मनात पहिला हाच प्रश्न आला. पट्टी असती तर कदाचित कळलं असतं. घाबरलेल्या माणसाची लाट वेगळी असते आणि ठरवून चुकणाऱ्याची वेगळी असावी. पण पट्टी मीच काढायला लावली होती. आता ते कधीच कळणार नव्हतं.

सोमवारी पहाटे मी उठून खिडकीतून बघत होते. हंगाम संपला होता, तरी सवयीनं पोरं कट्ट्यावर आली होती. आण्णा त्यांच्या खुर्चीत होते. मंगळू माडीवरून उतरला. त्याच्या खांद्याला बॅग होती, दुपारची गाडी होती त्याची. नागझरीच्या वाटेला न लागता तो कट्ट्याशी आला आणि उभा राहिला. मागितलं काहीच नाही. अभय पायांकडे बघत होता. बाकीचे अभयकडे बघत होते. आण्णांच्या हातात भरलेला पेला होता आणि ते त्यातल्या फेसाकडे बघत होते. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा देईल.

मी चपला न घालताच निघाले. चाळीस पावलं काही फार नसतात. कट्ट्याशी पोचले तशी पोरं चपापून बाजूला झाली. गवळ्याच्या हातातून मी पेला घेतला, भरून घेतला आणि मंगळूपुढं धरला.

त्यानं लगेच घेतला नाही. "आज पट्टी नाय, ताई," तो म्हणाला. "मग कशावरनं देताय?"

"कशावरनंच नाही."

माझी शंका गेली नव्हती, हे खरं सांगते. ती आजही गेलेली नाही. खांब आठवला की ती डोकं वर काढतेच. पण पेला धरलेला हात मी मागं घेतला नाही.

मंगळू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. तोही आता शंका घ्यायला शिकला होता, आमच्याकडूनच. मग त्यानं पेला घेतला, उभ्याउभ्या रिकामा केला आणि बादलीतल्या पाण्यानं विसळला. गवळ्यापुढं धरून तो पुन्हा भरून घेतला. आणि तो माझ्यापुढं केला.

मी आण्णांकडे बघितलं. ते दुसरीकडे, म्हशींच्या बाजूला बघत होते.

"घे की आता," तिकडेच बघत ते म्हणाले. "निवतंय."